रविवारचं तिकीट शनिवारी

ठाण्याच्या माणसाला 'स्लो' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बसायला जागा हवी असेल, गुडघे कुरकुरत असतील किंवा नाहूरला उतरायचं असेल तर स्लो, नाहीतर फास्ट. त्यात आळसाचा काही संबंध नाही. धिमी लोकल रेंगाळत चालत नाही, ती फक्त सगळीकडे थांबते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा ३४ किलोमीटरला तिला ५७ मिनिटं लागली होती. आजची स्लो लोकलही जवळपास तेवढाच वेळ घेते, पण वाटेत १७ स्टेशनं करून येते.

हल्ली परदेशात जाऊन 'जरा निवांत राहू' म्हणणारे नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत बरेच भेटतात. बारा दिवसांत सात देश एकदा करून झालेले असतात, बसच्या काचेतून आल्प्स बघून झालेला असतो आणि ग्रुपच्या व्हिडिओत स्वतःच डुलक्या काढताना दिसलेले असतात. आता त्यांना एक टेकडी, एक खुर्ची आणि हातात कप असं काहीतरी हवं असतं. मिळतंही. पण तिथला संथपणा आपल्या धिम्या लोकलच्या जातीचा असतो. तो कुठे, किती वाजता आणि कोणत्या वारी थांबतो हे ठाऊक नसेल तर आपण फलाटावरच राहतो.

आधी मुक्कामांचा हिशेब. हॉटेलची खोली सकाळी १० ते ११ च्या दरम्यान सोडावी लागते आणि पुढची दुपारी ३ च्या आधी सहसा मिळत नाही. मधले चार-पाच तास आपण बॅगांची राखण करतो. त्यात आदल्या रात्रीचं बांधणं, पोचल्यावर गरम पाण्याचा नळ कुठला, दूध कुठे मिळतं, वायफायचा पासवर्ड काय, हे सगळं नव्यानं. एक मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला असं धरून चाला. १२ दिवसांत ६ मुक्काम म्हणजे ५ बदल, म्हणजे अडीच दिवस फक्त चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यावरून ओढण्यात. १४ रात्री हाताशी असतील तर ३ मोठ्या शहरात आणि ११ एका छोट्या गावात, अशी वाटणी करून बघावी. अकरा फार वाटल्या तर सात. सातच्या खाली मात्र येऊ नये, कारण गावाचं चक्र आठवड्याचं असतं. बाजाराचा वार, बंदचा वार, कचऱ्याचा वार, हे सगळे एकदा तरी अंगावरून जायला हवेत.

गाव निवडताना फोटोवर जाऊ नये. फोटोत सगळ्यात सुंदर दिसणारी चार घरांची वस्ती बिनगाडीच्या माणसाला तिसऱ्या दिवशी तुरुंग वाटते, कारण तिथून बस दिवसातून दोनदा आणि किराणा खालच्या गावात. रेल्वे स्टेशन असलेलं, दहा-वीस हजार वस्तीचं, आठवडी बाजार भरणारं गाव घ्यावं. इटलीतलं ओर्विएतो हे अशा गावाचं चांगलं उदाहरण आहे. रोमहून साध्या प्रादेशिक गाडीनं सव्वा ते दीड तास. लोकवस्ती साधारण २०,००० (२०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर होतं, हे सहज आठवलं म्हणून). जुनं गाव ज्वालामुखीच्या मऊ खडकाच्या पठारावर, स्टेशन खाली पायथ्याशी. स्टेशनसमोरूनच दोरानं ओढली जाणारी फ्युनिक्युलर वर जाते. १८८८ मध्ये ती पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो खाली उतरायला लागला की खालचा डबा वर. मध्ये बरीच वर्षं बंद राहून १९९० मध्ये ती विजेवर पुन्हा सुरू झाली.

ओर्विएतोचं नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. १९८६ मध्ये रोमच्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या चौकात मॅकडोनाल्ड्स उघडणार म्हणून निदर्शनं झाली. त्यातून कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकारानं 'स्लो फूड' चळवळ वाढली आणि १९८९ मध्ये पॅरिसला तिच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, ग्रेवे इन किआंती या गावाचे महापौर पाओलो सातुर्निनी यांनी हाच विचार ताटातून उचलून अख्ख्या गावाला लावला. ग्रेवे, ओर्विएतो, ब्रा आणि पोझितानो या चार गावांनी मिळून 'चित्तास्लो', म्हणजे संथ शहरांची संघटना काढली. बोधचिन्ह नारिंगी गोगलगाय. सभासद व्हायचं तर लोकवस्ती ५०,००० च्या आत हवी. गाड्या जुन्या गावाबाहेर ठेवणं, आसपासच्या शेतातला माल बाजारात आणणं, आवाज आणि धूर कमी करणं अशा नगरपालिकेच्या कामांवर हे बिरुद मिळतं. म्हणजे तिथला संथपणा हा लोकांचा स्वभाव म्हणून सोडून दिलेला नाही. तो ठराव करून, पार्किंगच्या जागा हलवून, पैसे खर्चून राखलेला आहे.

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळी सातच्या आसपास बार उघडतो. आपल्याकडचा बार डोक्यातून काढून टाका, हा कॉफीचा. काउंटरशी उभं राहून एस्प्रेसो दोन घोटांत संपवायची आणि निघायचं. टेबलाशी बसलात तर त्याच कपाचे जास्त पैसे पडू शकतात, विशेषतः मुख्य चौकात. इथे पहिली गंमत कळते. संथ गावातली कॉफी आपल्या कटिंगपेक्षाही कमी वेळात पिऊन होते. वेळ काढायचा तो कॉफीवर नाही, जेवणावर.

दुपारी साडेबारा-एकला दुकानांची शटर खाली येतात आणि साडेतीन-चारला वर जातात. पुण्याच्या 'दुपारी १ ते ४ बंद'वर आयुष्यभर विनोद करणारे आपण, इटलीत त्याच पाटीचा फोटो काढून खाली 'काय जगतात लोक!' असं लिहितो. असो. खाणावळीचं स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर चालतं. ठाण्याच्या पोटाला चारला काहीतरी लागतं आणि तेव्हाच सगळं बंद असतं. म्हणून सकाळीच बेकरीतून पाव आणि फळवाल्याकडून फळं आणून ठेवावीत. फळवाल्याकडे हात लावून आंबा दाबायची आपली सवय आवरावी लागते. किती हवं ते सांगायचं, तो काढून देतो. सुपरमार्केटात मात्र उलट. तिथे प्लास्टिकचे पातळ हातमोजे घालून आपणच निवडायचं, काट्यावर ठेवून त्या भाजीच्या पाटीवरचा क्रमांक दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीला चिकटवायची. ही चिठ्ठी विसरून काउंटरला पोचलात की मागची रांग थांबते, आणि गाव कितीही संथ असलं तरी रांगेतले लोक संथ नसतात.

जेवायला बसलात की बिल आपणहून येणार नाही. ताट उचललं, कॉफी झाली, वेटर तीनदा बाजूनं गेला तरी नाही. 'आम्हाला विसरले' म्हणून आपला माणूस इथे चिडतो. पण न मागता बिल ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं, म्हणून ते ठेवत नाहीत. 'इल कोन्तो, पेर फावोरे' म्हटलं की येतं. त्यात माणशी 'कोपेर्तो' नावाची एक छोटी रक्कम असते. ती फसवणूक नव्हे, बैठकीचा आणि पावाचा आकार असतो आणि मेन्यूत छापलेला असतो. उंब्रियात, म्हणजे ओर्विएतो ज्या प्रांतात आहे तिथे, हा पाव अळणी असतो. बेकरीवाला मीठ विसरलेला नाही. तो पाव खारट चीज आणि खारवलेल्या मांसाबरोबर खायचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसाच भाजला जातो. शाकाहारी ठाणेकरानं सोबत आणलेलं कैरीचं लोणचं त्यावर लावावं. जोडी जमते.

शाकाहाराबद्दल दोन गोष्टी. अस्सल पार्मिज्यानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसानं, लावतात, त्याला शाकाहारी पर्याय नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी पास्त्यावर ते भुरभुरायच्या आधी हात आडवा करावा. भाज्यांच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्यावं. पण स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं असेल तर या सगळ्यातून सुटका होते. त्याच प्रांतातल्या कास्तेल्लुच्चोची मसूर इतकी बारीक असते की भिजवावीही लागत नाही, वीस ते तीस मिनिटांत शिजते. वर लसूण-मोहरीची फोडणी द्या. पहिल्याच संध्याकाळी घरी आल्यासारखं वाटतं.

फोडणीचं सामान नेताना मात्र जपून. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यात तूपही आलं, पेढेही आले, घरचा चक्काही आला. ताज्या फळांना आणि पाल्याला कृषी विभागाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे नातेवाइकांसाठी नेलेली हापूसची पेटी आणि रुमालात गुंडाळलेला कढीपत्ता दोन्ही विमानतळावरच राहू शकतं. मेतकूट, कोरडी चटणी, खाकरे, डाळी यांची अडचण येत नाही. लोणचं हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून.

आणि कुकर. अनेक घरांत इंडक्शनची शेगडी असते आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. बुडाला चुंबक चिकटतो का ते ठाण्यातच बघून घ्यावं. दुसरं, इटलीतल्या बहुतेक घरांची वीजजोडणी ३ किलोवॉटची असते. आपल्याकडे गीझर, मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम लावायची सवय. तिथे ओव्हन, वॉशिंग मशीन आणि केस वाळवायचं यंत्र एकदम चालू केलं की मीटर खटकन पडतो. मीटर बरेचदा घरात नसतो, खाली जिन्यापाशी किंवा इमारतीच्या बाहेरच्या पेटीत असतो. म्हणून पहिल्याच दिवशी घरमालकाला 'मीटर कुठे?' हे विचारायचं, वायफायच्या पासवर्डच्याही आधी. कपडे वाळवायचं यंत्र सहसा नसतं. दोरी असते, खिडकीबाहेर, आपल्या चाळीसारखी. मशीनचं एक चक्र दोन-अडीच तासांचं असू शकतं, म्हणून धुणं सकाळी लावायचं आणि ऊन असताना वाळत घालायचं. एक काम, एक वेळ. संथपणा बराचसा या ३ किलोवॉटांतून येतो, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

बसच्या वेळापत्रकावर दोन शब्द बघायचे, 'फेरियाले' आणि 'फेस्तिवो'. पहिला म्हणजे सोमवार ते शनिवार, दुसरा म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. तिसरा एक शब्द असतो, 'स्कोलास्तिको'. ती बस फक्त शाळा चालू असतानाच येते, उन्हाळ्यात तिची वाट बघत उभं राहणं व्यर्थ. तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं. दारावर मोठं पांढरं 'टी' अक्षर असतं. ते दुकान दुपारी बंद आणि रविवारी बऱ्याचदा पूर्ण बंद. ड्रायव्हरकडे तिकीट मिळेलच असं नाही, मिळालं तर महाग. म्हणून रविवारी शेजारच्या गावाला जायचं असेल तर तिकीट शनिवारी दुपारी बाराच्या आत घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात टोचून शिक्का उमटवायचा. रेल्वेच्या कागदी तिकिटालाही फलाटावरच्या यंत्रात शिक्का लागतो. शिक्का नसलेलं तिकीट हातात असूनही दंड होतो. प्रादेशिक गाड्यांचं भाडं अंतरावर ठरतं, महिनाभर आधी काढून काही स्वस्त पडत नाही. त्यामुळे त्या गाड्यांचं आगाऊ आरक्षण करून स्वतःला बांधून घेण्यात अर्थ नाही.

मेगाब्लॉकवर वाढलेल्या माणसाला तिथले संप जड जाऊ नयेत. ते आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही चालवल्या जातात. रविवारच्या संपाला मात्र ही सोय धरून चालू नये, आधी बघून घ्यावं. परतीच्या विमानाच्या आदली रात्र शहरात, विमानतळाच्या टप्प्यात काढावी, ती याचसाठी.

ओर्विएतोत रोमहून एका दिवसासाठी येणारे लोक दहा-अकराला वर चढतात आणि पाचच्या सुमाराला उतरतात. तेवढे तास चर्चसमोरच्या चौकात ठाण्याच्या पुलावरच्या गर्दीची आठवण येते. मुक्कामाला राहिलेल्याचं खरं गाव या वेळेच्या अलीकडे-पलीकडे असतं. चर्चचं काम १२९० मध्ये सुरू झालं. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्यावरचा सोनेरी मोझेक संध्याकाळच्या उन्हात पेटतो. बसगाड्यांना नेमकं तेव्हाच निघायचं असतं. मग सहा-साडेसहाला गावकरी बाहेर पडतात. याला ते 'पासेज्याता' म्हणतात. नीट कपडे करून, कुठेही न जाता, मुख्य रस्त्यावरून दोन-तीन येरझाऱ्या. आपल्या तलावपाळीचा फेराच तो. फरक इतकाच की तिथे हातात भेळेचा कागद नसतो आणि चालताना घड्याळात पावलं मोजणारे कमी दिसतात.

गुरुवारी आणि शनिवारी सकाळी पिआझ्झा देल पोपोलोत बाजार भरतो. आठवड्याची भाजी त्यातून काढायची. एकच प्रेक्षणीय स्थळ सुचवायचं तर सेंट पॅट्रिकची विहीर. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप क्लेमेंट सातवे इथे आश्रयाला आले, आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्यांनी ती खणायला लावली. सुमारे ५३ मीटर खोल, एकमेकांभोवती वळणारे दोन वेगळे जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. खेचरं एका जिन्यानं उतरत आणि दुसऱ्यानं पाणी घेऊन चढत, वाटेत समोरासमोर कधी येत नसत. दादरच्या पुलावर हे कुणाला सुचलं असतं तर!

तिसरा दिवस वाईट जातो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पहिला दिवस थकव्यात, दुसरा नवलाईत. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, सगळं बंद असताना, खिडकीत बसलेल्या माणसाला वाटायला लागतं की तिकिटाचे एवढे पैसे घालून आपण इथे धुणं वाळत घालतोय. शेजारच्या फ्लॅटमधल्यांनी याच दिवसांत चार देश केलेले असतात. फोन हातात येतो. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे ठाण्याच्या कुटुंबाच्या ग्रुपवरची 'सुप्रभात' तिथे पहाटे तीनला वाजते आणि ऑफिसचा साडेनऊचा कॉल सकाळी सहाला. नोटिफिकेशन बंद न करता गेलेला माणूस ओर्विएतोत झोपतो आणि ठाण्यात जागा होतो. या दुपारी घाईघाईनं फ्लोरेन्सचं तिकीट काढू नये. झोपावं. गावही झोपलेलंच असतं. चौथ्या सकाळी बारवाला न विचारता नेहमीची कॉफी समोर ठेवतो, असं घडेलच याची खात्री नाही, पण सातव्या दिवशी बहुधा घडतं.

तिथल्यांना हे आयुष्य आपल्याला वाटतं तितकं सैल नाही. पाव सातला तयार असतो कारण बेकरीत रात्रीच दिवा लागलेला असतो. दुपारी तीन तास बंद असलेलं दुकान रात्री साडेसात-आठपर्यंत उघडं राहतं, म्हणजे दुकानदाराचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत ताणलेलाच. तरुण मुलं कामासाठी रोमला जातात. आणि चर्चच्या समोरच एका मनोऱ्यावर 'माउरित्सिओ' नावाचा काशाचा पुतळा हातोड्यानं घंटेवर तास वाजवतो. हे घड्याळ १३४८ च्या सुमाराचं आहे आणि ते बसवलं चर्चच्या बांधकामावरच्या कामगारांच्या पाळ्या मोजायला. संथ शहरांच्या संघटनेतलं हे गाव साडेसहाशेहून अधिक वर्षं मजुरांचे तास मोजतंय. ओर्विएतोत मला सगळ्यात जास्त पटतो तो हाच पुतळा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे करायचा. एकाच गावात ११ रात्री असतील तर हा प्रश्नच उरत नाही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय एरवी १५ दिवसांत, पण ४५ पर्यंत लांबू शकतो. मे महिन्याची सुट्टी धरून जाणाऱ्यांनी मार्चची वाट बघू नये. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. घराच्या आरक्षणाच्या कागदावर फक्त बुकिंग करणाऱ्याचं नव्हे, सगळ्यांची नावं असावीत. पोचल्यावर घरमालक पासपोर्टचा फोटो मागतो. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत माणशी, रात्रीमागे पर्यटन कर असतो. तो भाड्यात धरलेला नसतो, सुटे युरो जवळ ठेवावेत. ऑगस्ट शक्यतो टाळावा. १५ ऑगस्टच्या आसपास घरगुती दुकानं आणि खाणावळी दोन-तीन आठवडे सरळ बंद होतात, मालकच सुट्टीवर जातात.

राहिला कचरा. ओला-सुका इथवर आपली तयारी आहे. तिथे ओला, कागद, प्लास्टिक, काच आणि उरलेला, असे पाच डबे असू शकतात, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लावलेला असतो. पिशवी आदल्या रात्री दाराबाहेर ठेवायची, सकाळी उचलतात. वार चुकला तर ती पिशवी तिथेच राहते आणि शेजारीण ती कुणाची हे ओळखते. निघायच्या दोन दिवस आधी तो तक्ता पुन्हा एकदा वाचावा. मंगळवारी घर सोडायचं असेल आणि ओला कचरा गुरुवारी जात असेल, तर भाज्यांची देठं आणि कॉफीचा चोथा कुठे ठेवायचा हे मालकाला सोमवारीच विचारून ठेवलेलं बरं.